पेरूचं जेवण: ओळखीचं दिसतं म्हणून होणाऱ्या चुका

पेरू देशाची राजधानी लिमा सोडून बरीच वर्षं झाली, तरी महिन्यातून एखादा फोटो येतोच. पिवळ्या रश्श्यात कोंबडी, वर कोथिंबीर पेरलेली आणि खाली प्रश्न: "मावशी, आही दे गायिना केलंय, पण तुझ्यासारखं नाही झालं. काय चुकलं असेल गं?" फोटो मोठा करून बघावा तर रश्श्यात मोहरी. एकदा तर कढीपत्ताही होता. वर मलाच विचारतात काय चुकलं म्हणून!

जपानी काही करायचं असलं की हीच मंडळी निमूटपणे वजनकाटा काढतात. पेरूच्या पाककृतीत मात्र कांदा, लसूण, मिरची, बटाटा, कोथिंबीर, भात असं सगळं घरचंच दिसतं आणि हात आपोआप फोडणीच्या डब्याकडे जातो. खरं तर मिरची आणि बटाटा मुळात त्याच खंडातले, आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आलेले. त्यामुळे त्यांचं काय करायचं हे तिकडच्या बायकांना आपण शिकवू नये, एवढं तरी पाळा. ("पेरूचं जेवण म्हणजे पेरूची कोशिंबीर का?" हा विनोद माझ्या सासरी सहा वर्षं चालला. तुमचाही करून झाला असेल तर पुढं जाऊ.)

आम्ही हेसुस मारिया भागात राहायचो, वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण, सत्तरीच्या पुढची. मी त्यांना सेन्योरा म्हणायचे आणि त्या मला इहिता, म्हणजे पोरी. पुढं जे काही सांगते आहे ते निम्मं त्यांच्या ओट्यापाशी शिकलेलं आणि निम्मं माझ्या ओट्यावर नासवलेलं आहे.

आदेरेसोची घाई

तिथल्या कितीतरी घरगुती पदार्थांची सुरुवात आदेरेसोनं होते. तेलात बारीक चिरलेला लाल कांदा, मग लसूण, मग वाटलेली मिरची. वाचताना वाटतं, हे तर आपलंच. आपल्याला कांदा तांबूस झाल्याशिवाय चैन पडत नाही. आही दे गायिनाच्या कांद्यावर मात्र रंग चढला की पदार्थ गेला. पिवळ्याचा मातकट होतो आणि करपट गोडी शेवटपर्यंत जिभेवर राहते. गॅस अगदी बारीक, तेल आपल्याला संकोच वाटेल इतकं, आणि कांदा काचेसारखा होऊन बसेपर्यंत दहा-बारा मिनिटं. मग लसूण. त्याचा उग्रपणा गेला की मिरचीचं वाटण आणि पुन्हा दहा-बारा मिनिटं, कडेनं केशरी तेल सुटेपर्यंत. तेल सुटण्याची खूण मराठी घरात कुणाला समजावून सांगावी लागू नये. पण व्हिडिओत कुणी "दोन मिनिटं परता" म्हणालं की आईनं शिकवलेलं सगळं विसरून लोक दोन मिनिटांत दूध ओततात.

मीही ओतलं होतं. पहिल्याच वर्षी, सेन्योरांना जेवायला बोलावून. कांदा-मिरची मिक्सरमधून काढली, पाच मिनिटं ढवळली, त्यावर दुधात भिजवलेला पाव, उकडून सोडवलेली कोंबडी, चीज, पेकान नटचा कूट. रंग झकास आला होता. सेन्योरांनी एक घास घेतला, चमचा ताटलीच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "क्रुदो." कच्चं. मी म्हटलं, अजून उकळते. त्यांनी मान हलवली. दूध आणि पाव पडल्यावर मिरची परतली जात नाही, नुसती शिजत राहते, आणि कच्च्या कांद्याचा दर्प जो बसतो तो बसतोच. त्यानंतर अर्धा तास मी ते उकळून पाहिलं. खाली लागलं, एवढाच काय तो बदल झाला.

आता सवयच लागली आहे: आदेरेसोची कढई गॅसवर चढली की मी बटाटे सोलायला बसते. सगळे सोलून होईपर्यंत कढईत पुढचं काही पडत नाही.

आलं-लसूण पेस्टबद्दल तर बोलायलाच नको. आलं तिथं चिनी वळणाच्या पदार्थांत पडतं आणि त्याला नावही चिन्यांचंच आहे, कियोन. प्रत्येक आदेरेसोत ते ढकललं की आही दे गायिना आणि कालचं चिकन यात फरक उरत नाही. जिरे चालतात, पण चिमूट. गरम मसाला घालणाऱ्यांनी पदार्थाचं नाव बदलावं, माझी काही हरकत नाही.

पिवळी मिरची पिवळी नसते

आही अमारियो म्हणजे शब्दशः पिवळी मिरची, पण पिकलेली असते भगवी. शिजून वाटली गेली की पिवळी दिसते. हे माहीत नसलं की लोक पिवळी ढोबळी मिरची, दोन हिरव्या आणि अर्धा चमचा हळद असं मिश्रण करतात आणि रंग जमला म्हणून खूश होतात. या मिरचीला फळासारखा एक वास असतो, सगळा जीव त्यातच आहे. लवंगी किंवा ज्वालातून तो येणार नाही. गंमत म्हणजे हळद पेरूत वापरतात, पालियो या नावानं. वजडी-बटाट्याच्या काउ काउमध्ये ती पुदिन्याबरोबर पडते आणि छान लागते. हौस असेल तर तिथं भागवा.

ताजी मिरची मिळाली तर उभी चिरून बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा चमच्यानं खरवडून काढायच्या, पाणी बदलून दोन-तीनदा उकळायची, साल काढायची आणि थोड्या तेलात वाटायची. हातमोजे घाला. मी घातले नव्हते, आणि वर काँटॅक्ट लेन्स काढायला गेले होते. बाटलीतली पेस्ट आणलीत तर तिच्यात मीठ आणि आंबटपणा आधीच असतो, त्या हिशेबानं हात आखडा. आणि यातलं काहीच मिळत नसेल तर तायारिनेस बेर्देस करा. पालक, बेसिल आणि चीजच्या हिरव्या सॉसमधला पास्ता, इटालियन स्थलांतरितांची देणगी, लिमात घरोघरी होतो. नसलेल्या मिरचीची नक्कल करण्यापेक्षा तो शंभरदा बरा.

काउसा आणि मिक्सर

आता माझा लाडका विषय. काउसा म्हणजे लिंबू, आही अमारियो आणि तेल घालून मळलेला उकडलेला बटाटा. त्याचे थर, मध्ये मेयोनेजमधली कोंबडी किंवा ट्यूना, थंड वाढायचा. ऐकायला इतकं सोपं की कुणीही फसावं.

जुलैची २८ तारीख हा पेरूचा स्वातंत्र्यदिन. वरच्या गच्चीवर जेवण होतं, वीस माणसं, आणि मी तोऱ्यात म्हटलं, काउसा माझ्याकडे. तीन किलो पापा अमारिया उकडले. हा पिवळा बटाटा इतका पिठूळ असतो की जोरात उकळला तर पाण्यातच फुटून विरघळतो. तोवर हे मला माहीत झालं होतं, म्हणून सालासकट, मंद आचेवर, नीट उकडले. इथवर सगळं ठीक होतं. मग वेळ वाचवायला ते मिक्सरमध्ये घातले.

बटाट्याचं पीठ पात्याखाली सापडलं की त्यातला स्टार्च सुटतो आणि त्याची खळ होते. अक्षरशः खळ. उलथनं वर उचललं तर हातभर तार आली. मी घाबरून तेल घातलं, तर खळ चकचकीत झाली. लिंबू पिळलं, तर आंबट खळ. सेन्योरा दारात उभं राहून बघत होत्या. त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि शांतपणे विचारलं, "भिंतीला कागद चिकटवायचाय का, इहिता?"

त्या दिवशी आम्ही दोघींनी आणखी तीन किलो उकडले. त्यांचं बटाटे दाबायचं यंत्र मुलीकडे गेलं होतं. मग मी पुण्याहून नेलेलं पुरणयंत्र काढलं. सेन्योरा त्या यंत्रावर इतक्या खूश झाल्या की पुढच्या भारतवारीत मला त्यांच्यासाठी एक आणावं लागलं. आजही काउसा मी पुरणयंत्रातूनच काढते. बटाटा गरम असतानाच काढायचा, बोटं भाजली तरी. गार झाल्यावर काढलात तर गुठळ्या राहतात आणि मग पुन्हा मिक्सरचा मोह होतो. मळायचं हातानं, पुरतं मिसळलं की थांबायचं. किलोला चारेक कागदी लिंबं आणि पाव कप तेल, मिरचीचं वाटण जिभेच्या हिशेबानं.

बटाटा कोणता, याला महत्त्व आहे. ज्या लिमात १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे आणि हजारो जाती जपून ठेवल्या आहेत, तिथं "बटाटा द्या" म्हटलं की भाजीवाली तुमच्याकडे दयेनं बघते. आपल्याकडे निदान जुना बटाटा मागा. नवा बटाटा पाणचट आणि चिकट, त्याचा काउसा होत नाही. दुसऱ्या दिवशी भाजी करा त्याची.

लोमो साल्तादो: कढई आहे, पातेलं नव्हे

१८४९ पासून चिनी मजूर पेरूत येऊ लागले आणि त्यांच्या कढईतून हा पदार्थ घडला. मांसाच्या पट्ट्या, कांद्याच्या जाड फोडी, टोमॅटो, सोया सॉस (तिथं सियाओ) आणि व्हिनेगर, बरोबर तळलेला बटाटा आणि भात. सगळं मिळून पाच-सात मिनिटांचं काम. लोक अर्धा किलो मांस एकदम टाकतात, कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि पुढची वीस मिनिटं त्या पाण्यात मांस उकळतं. तो झाला रस्सा. मांस आधी पुसून कोरडं करा, दोन-तीन वाटण्या करून टाका, प्रत्येक वाटणी बाहेर काढा. टोमॅटो अगदी शेवटी, तीस-चाळीस सेकंद. व्हिनेगर कढईच्या कडेनं सोडा. तळलेले बटाटे झाकण ठेवून मुरवत ठेवणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही. बीफ न खाणाऱ्यांनी कोंबडीचं करावं, पोयो साल्तादो तिथंही सर्रास होतं.

सेविचे

सेविचे म्हणजे लिंबाच्या रसातला कच्चा मासा. "रात्रभर मुरवत ठेवलं होतं" असं कौतुकानं सांगणाऱ्या माणसाकडे मी जेवायला जात नाही. मासा चिरायचा, आधी मीठ, मग लिंबू, पाच-दहा मिनिटं आणि पानात. बाटलीतला रस नको, युरोपातलं मोठं पिवळं लिंबूही नको. आपलं कागदी लिंबू आणि पेरूचं लिमोन ही एकाच जातीची, त्यामुळे या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. फक्त शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका, सालीचा कडवटपणा उतरतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. लिंबानं मासा पांढरा दिसला तरी तो शिजलेला नसतो, आणि त्यातले जंत लिंबानं मरत नाहीत. चार दिवस बर्फात पडलेली सुरमई कालवणाला ठीक, सेविचेला अजिबात नाही. मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवून घेतला तर जंतांचा धोका जातो. पण शिळेपणा गोठवून जात नाही, म्हणून गोठवायचा तोही ताजाच. २०२३ मध्ये युनेस्कोनं सेविचेच्या परंपरेची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, तेव्हापासून हौशी लोकांना फारच ऊत आलाय. सेन्योरा सेविचे फक्त दुपारी खायच्या. रात्री कुणी विचारलं तर म्हणायच्या, मासा सकाळी आला होता.

आणखी काही, पटापट

वांकाइना सॉसला, म्हणजे उकडलेल्या बटाट्यांवर घालायच्या चीज-मिरचीच्या सॉसला, इव्हॅपोरेटेड दूध (नुसतं आटवलेलं, बिनसाखरेचं) लागतं. माझ्या भाच्यानं कंडेन्स्ड मिल्क घातलं आणि उकडलेल्या बटाट्यांवर खीर वाढली. डबा मिळत नसेल तर साय न काढलेलं दूध आटवून निम्म्याहून कमी करा. चीज म्हणून पनीर चालेल, पण मीठ वाढवा, तिथलं ताजं चीज खारट असतं.

सेको या शब्दाचा अर्थ कोरडा, पदार्थ मात्र ओलसर, कोथिंबिरीच्या वाटणातला. नावावरून आटवत बसू नका.

कारापुल्क्रासाठी पापा सेका, म्हणजे उकडून वाळवलेला बटाटा, आधी कोरडा भाजायचा आणि मग भिजवायचा. भाजणं गाळणाऱ्यांना ओल्या पोत्याची चव लखलाभ.

वाकाताय ही तिथली स्वयंपाकातली सुवासिक पाल्याची वनस्पती झेंडूच्या कुळातली आहे, म्हणून कुंडीतला झेंडू वाटू नका. हसू नका, विचारलंय लोकांनी.

किन्वा फेस जाईपर्यंत धुवा.

चिचा मोरादामध्ये, म्हणजे जांभळ्या मक्याच्या सरबतात, लिंबू आणि साखर गार झाल्यावर. उकळत्यात लिंबू पिळलं की त्याचा तजेला जातो.

कोंबडीबरोबर बटाटा आहे म्हणून भात गाळायचा नाही. दोन्ही हवेत, तिथं कुणी कॅलरी मोजत नाही. भात लसणीच्या तेलावर मोकळा करायचा, लसूण लाल न होऊ देता. कुकरचा आसट भात इथं चालत नाही.

आणि ताकु ताकु करायचं असेल तर ताजा भात लावायला जाऊ नका. काल रात्रीचा उरलेला भात, कालच्याच शिजलेल्या चवळी-राजम्यासारख्या कडधान्याच्या, म्हणजे फ्रेहोलेसच्या, घट्ट उरलेल्या लगद्यात मळायचा आणि थोड्या आदेरेसोबरोबर तव्यावर थापून खालून कडक पापुद्रा धरू द्यायचा. मध्येच उलथनं घालून बघायचं नाही. पापुद्रा धरला की तवा हलवल्यावर तो सबंध सरकतो, तेव्हाच उलटायचा. सेन्योरा तोवर उलथनं माझ्या हातातून काढून स्वतःच्या एप्रनच्या खिशात ठेवायच्या.