प्लॉट उचलण्याआधी झाडाचा घेर मोजा

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कोल्हापुरात सखल भागात घर बांधायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, ‘प्लॉट उचलून घ्या.’ मग डंपरने मुरूम पडतो आणि कोपऱ्यातल्या जुन्या आंब्याचा बुंधा फूट-दीड फूट भरावात जातो. झाड लगेच काही दाखवत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी शेंडा वाळायला लागतो, तेव्हा कीड समजून फवारणी केली जाते. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात, त्यांना हवा लागते. भरावाखाली ती गुदमरतात.

म्हणून बागेचा नकाशा काढण्याआधी टेप घ्या. जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर बुंध्याचा घेर मोजा आणि त्याला ४ ने गुणा. घेर १५० सेंमी भरला, तर बुंध्याभोवती ६ मीटर त्रिज्येचं वर्तुळ झाडासाठी राखायचं. फांद्यांच्या सावलीवर जाऊ नका, मुळं त्याच्याही पुढे पसरतात. दोन गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये एवढी जागा म्हणजे निम्म्याहून जास्त, हे खरं. तरी घाबरू नका. या जागेत काहीच करायचं नाही असं नाही, खोदायचं आणि भरायचं तेवढं टाळायचं. बांधकामाला वर्तुळ थोडं कापावंच लागलं तर एकाच बाजूने, आणि क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्शापर्यंत.

जेसीबी येण्याआधी बांबू-पत्र्याचं कुंपण उभं करा. आत वाळू-खडीचे ढीग नकोत, मिक्सर धुणं तर नकोच. सिमेंटच्या पाण्याने माती अल्कधर्मी होते, मुळांना लोह मिळत नाही आणि नवी पालवी पिवळी पडते. ओल्या काळ्या मातीवरून ट्रॅक्टर एकदा गेला तरी ती दाबली जाते. कंत्राटदाराशी हे तोंडी बोलून भागत नाही, करारात लिहून घ्या.

पुराची भीती असेल तर जोतं उंच करा, अंगण आहे त्याच पातळीवर ठेवा. बाकी प्लॉट उचलणं भागच असेल, तर भराव वर्तुळाच्या बाहेर दगडी भिंतीने अडवा. मग झाड खड्ड्यात राहतं, तेव्हा सखल बाजूला पाणी काढणारा पाइप आधीच टाका. नाहीतर जुलैत काळ्या मातीत आठवडेच्या आठवडे पाणी साचून मुळं कुजतील.

कंपाउंडला सलग पाया नको. सुटे खांब घ्या, खड्डे हाताने खणा. अंगठ्याहून जाड मूळ लागलं तर खड्डा सरकवा, आणि बीम जमिनीच्या वर ठेवा. पाणी आणि ड्रेनेजच्या लाइनी वर्तुळाबाहेर एकाच चरात घाला. पायवाटेसाठी फक्त गवत काढा, जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड) अंथरा, त्यावर २० मिमी खडीचा ७ ते १० सेंमी थर आणि वर फटी ठेवून पेव्हर. भुकटी घालू नका, ती फटी बुजवते. गाडी उभी राहणार असेल तर खडी जिओसेलमध्ये, म्हणजे पोळ्यासारख्या कप्प्यांच्या प्लास्टिक जाळीत भरा.

पार बांधायची हौस असते. पण आत माती भरलेला पार म्हणजे छोटा भरावच; बुंध्याची साल ओली राहून कुजते. बसायलाच हवं असेल तर सुट्या दगडांवर कडप्प्याची फरशी ठेवा, बुंध्याला टेकवू नका.

झाडाखाली लॉन लावू नका. कुदळीने मुळं तुटतात आणि रोजच्या पाण्याने बुंधा ओला राहतो. नेचे, स्पायडर लिली, स्नेक प्लांट यांची लहान रोपं खुरप्याने लावा. गळीत हंगामात पाचट मुबलक मिळतं. त्याचा ७ ते १० सेंमी थर अंथरा, बुंध्यापासून वीतभर दूर, आणि वाळवीवर नजर ठेवा. एप्रिल-मेमध्ये दहा-बारा दिवसांतून एकदा वर्तुळभर भरपूर पाणी द्या. रोज शिंपडून उपयोग नाही.

छाटणी लागलीच तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार ५० वर्षांपुढची झाडं २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्ष ठरतात. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पाला काढू नका. जाड फांदी आधी खालून थोडी कापा, मग थोडं पुढे वरून, आणि शेवटी राहिलेला खुंट, फांदी बुंध्याला मिळते तिथल्या फुगीर गाठीच्या बाहेरून. गाठ कापली तर जखम भरत नाही. त्यावर डांबर लावायची गरज नाही.