श्रीलंकेत अवशेष आणि समुद्र एकाच सहलीत: आधी महिना, मग किनारा, हॉटेल शेवटी

श्रीलंकेचा बेत आखताना बरेच जण आधी समुद्रावरचं रिसॉर्ट पसंत करतात, मग विमानाची तिकिटं काढतात आणि पावसाचा विचार बॅगा भरताना करतात. क्रम नेमका उलटा हवा. या बेटावर दोन मोसमी पाऊस येतात आणि ते वेगवेगळ्या किनाऱ्यांना झोडपतात. मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य वारे असतात, तेव्हा बेंटोटा, हिक्कडुवा, उनवटुना, मिरिस्सा हा नैर्ऋत्य किनाऱ्याचा सगळा पट्टा खवळलेला असतो. रिसॉर्ट उघडं आणि स्वस्त मिळतं, पण वाळूत लाल बावटा रोवलेला असतो आणि पोहणं पोहण्याच्या तलावातच उरकावं लागतं. त्याच दिवसांत पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे त्रिंकोमालीजवळचं निलावेली किंवा त्याच्या दक्षिणेचं पासिकुडा इथे, पाणी शांत असतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारडं फिरतं: पाऊस पूर्वेला, ऊन नैर्ऋत्येला.

अनुराधपुरा, पोलोन्नरुवा, सिगिरिया, डंबुल्ला ही प्राचीन ठिकाणं बेटाच्या मधल्या-उत्तरेकडच्या कोरड्या भागात आहेत. त्यामुळे ती दोन्ही किनाऱ्यांना जोडता येतात, पण सारख्याच सहजतेने नाही. पोलोन्नरुवाहून पासिकुडा साधारण दीड तास, सिगिरियाहून निलावेली दोन-अडीच तास. सिगिरियाहून बेंटोटा किंवा गॉल मात्र पाच ते सहा तास. नकाशावर बेट छोटं दिसतं आणि तिथेच फसगत होते. रस्ते चांगले आहेत, पण बहुतेक दुपदरीच आणि गावागावांतून जाणारे. ताशी ४० किलोमीटरच्या हिशेबाने वेळ धरा.

आपल्या सुट्ट्यांशी ताळा घातला तर चित्र असं दिसतं. मेच्या सुट्टीत पूर्व किनारा. नाताळात नैर्ऋत्य किनारा, पण कोरड्या भागाचा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीतच पडतो, म्हणून सिगिरियासाठी एक सकाळ जादा हाताशी ठेवा. दिवाळीची सुट्टी सगळ्यांत अडचणीची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन मोसमांच्या मधला काळ असतो, दुपारनंतर बेटभर विजांचा पाऊस कोसळतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळं याच सुमारास येतात. दुसरा पर्यायच नसेल तर भर अवशेषांवर द्या, फिरणं सकाळी उरका, आणि समुद्रावर दोनच रात्री, त्याही पैसे परत मिळतील अशाच दराने घ्या.

आधी दगड, मग पाणी

कोणत्याही महिन्यात गेलात तरी अवशेष आधी आणि समुद्र नंतर. उन्हाने भाजलेले खांदे घेऊन सिगिरियाच्या पायऱ्या चढणं म्हणजे शिक्षा. शिवाय समुद्रावर तीन दिवस लोळल्यावर पहाटे पाचला उठायची कोणाची तयारी नसते.

मुंबईहून कोलंबोचं थेट विमान साधारण अडीच तासांत पोचतं. विमानतळ कोलंबोत नाही, शहराच्या उत्तरेला कटुनायकेला आहे. तिथून सिगिरिया-हबरणाकडे निघताना कोलंबोत शिरायची गरजच नसते; साडेतीन-चार तासांत मुक्कामी पोचता. विमान रात्री उतरणार असेल तर विमानतळाजवळच्या निगोंबोत झोपा आणि सकाळी निघा. हबरणाच्या आसपास रात्री रस्त्यावर रानटी हत्ती येतात.

मुक्काम हबरणा किंवा सिगिरिया गावात एकाच ठिकाणी तीन रात्री ठेवा. तिथून अनुराधपुरा, पोलोन्नरुवा, डंबुल्ला हे सगळं तास-दीड तासाच्या आत आहे. रोज हॉटेल बदललं की सकाळचे दोन तास बॅगांत जातात, आणि इथे सकाळच मोलाची असते. गाडी चालकासह ठरवा. ठरवताना तीन गोष्टी लेखी घ्या: रोजचे किती किलोमीटर धरले आहेत, टोल आणि पार्किंग कोणाकडे, आणि चालकाच्या राहण्या-जेवण्याचं काय. मोठ्या हॉटेलांत चालकांसाठी वेगळी खोली असते, छोट्या गेस्टहाउसमध्ये नसते. हे आधी विचारलं नाही, तर मुक्कामी पोचल्यावर रात्री नऊला त्यावर बोलणं सुरू होतं.

सिगिरिया

कश्यप राजाने (इ. स. ४७७ ते ४९५) या सुट्या कातळाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. पायऱ्या साधारण १,२००. चढून-उतरून, खालच्या बागा धरून, तीन तास लागतात. दार उघडताच आत शिरा. नऊनंतर दोन गोष्टी एकदम होतात: कातळ तापतो आणि पर्यटकांच्या बसगाड्या येतात. मग लोखंडी जिन्यावर रांग लागते आणि पुढचा थांबला की तुम्हीही उन्हात लटकता.

निम्म्या वाटेवर गोल जिन्याने भित्तिचित्रांकडे जाता येतं. तिथे फोटो काढायला मनाई आहे, मोबाइल खिशातच ठेवा. त्यापुढे सिंहाचे दोन प्रचंड पंजे लागतात. पूर्वी वाट सिंहाच्या जबड्यातून जायची. जबडा ढासळला, पंजे उरले. उंचीची भीती असलेल्यांनी इथे प्रामाणिकपणे थांबावं, कारण पुढचा जिना कड्याला टेकवलेला आहे आणि खालचं सगळं दिसतं. याच भागात कड्याला आग्या मोहोळांसारखी मोठी पोळी असतात. शांत राहण्याच्या पाट्या शोभेच्या नाहीत. मुलांना ओरडू देऊ नका आणि दाट वासाचं अत्तर लावून जाऊ नका. माशा उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून कर्मचारी नेतील तिकडे चला. पाणी माणशी एक लिटर खालूनच घ्या.

परदेशी पाहुण्यांचा पूर्ण दर ३० डॉलरच्या वर आहे. भारतीयांना सार्क देशांचे नागरिक म्हणून सवलत मिळते, पण खिडकीवर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि आपण खिडकीसमोर, असं झालं की चौघांच्या कुटुंबाला बराच भुर्दंड बसतो.

पोलोन्नरुवा की अनुराधपुरा?

एकच निवडायचं तर पोलोन्नरुवा, विशेषतः मुलं बरोबर असतील तर. अवशेष एका ओळीत, झाडांच्या सावलीत आहेत आणि भाड्याच्या सायकलवर चार तासांत होतात. तिकीट तलावाजवळच्या संग्रहालयापाशी मिळतं; थेट दाराशी गेलात तर परत पाठवतात. राजवाडा, मग वटदागे (स्तूपाभोवतीचं गोल देवालय) असलेला चौक, मग लंकातिलक मंदिर, आणि शेवटी गल विहार, या क्रमाने दक्षिणेकडून उत्तरेकडे जा. गल विहारातल्या चार मूर्ती एकाच कातळात कोरलेल्या आहेत. पहुडलेला बुद्ध सुमारे १४ मीटर लांब आहे, शेजारची उभी मूर्ती ७ मीटर. पहुडलेल्या मूर्तीच्या डोक्याखालची उशी नीट पाहा: डोक्याच्या भाराने ती जिथे दबली आहे, तो खळगासुद्धा दगडात उतरवला आहे.

अनुराधपुरा जुनं आणि अवाढव्य. जेतवनारामाचा विटांचा स्तूप मूळचा १२० मीटरच्या आसपास उंच होता. पण ठिकाणं कित्येक किलोमीटर पसरलेली आहेत आणि तिसऱ्या स्तूपापाशी पहिल्या दोघांची सरमिसळ होते. हे भाविकांचं जागतं तीर्थ आहे, हे ध्यानात ठेवून गेलात तर आवडेल. संध्याकाळी महाबोधी पिंपळाखाली बसायला जावं.

दोन्हीकडे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. देवस्थान असलेल्या जागी चपला आणि टोपी काढावी लागते. अकरानंतर तिथल्या फरशीवर अनवाणी पाऊल ठरत नाही, म्हणून जाड मोजे जवळ ठेवा, मोजे चालतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तो अपमान समजतात.

पौर्णिमा बघून तारखा ठरवा

श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारू विकत नाहीत आणि अनुराधपुराला प्रचंड गर्दी होते. सगळ्यांत मोठी गर्दी पोसोनला, बहुधा जूनच्या पौर्णिमेला, अनुराधपुरा आणि त्याच्या जवळच्याच मिहिंतले या तीर्थाला. त्या आठवड्यात तिकडे फिरकू नये. वेसाक म्हणजे बुद्धपौर्णिमा, ती मेच्या सुट्टीत सापडते. आकाशकंदिलांसाठी मुद्दाम बघण्यासारखी आहे. अधिक महिन्याच्या वर्षी आपल्या पंचांगावर भिस्त ठेवू नका, श्रीलंकेच्या सुट्ट्यांची त्या वर्षीची यादीच पाहा. १३-१४ एप्रिलच्या नववर्षाला दुकानं बंद आणि बस तुडुंब असतात.

रिसॉर्ट घेताना

लहान मुलं असतील तर पासिकुडा: उपसागर उथळ आहे, बरंच आत गेलं तरी पाणी कमरेपर्यंतच. प्रवाळ आणि मासे पाहायचे तर निलावेली. समोरच्या पिजन आयलंडवर सकाळी जा. होडीचे पैसे वेगळे, राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट वेगळं. होडीवाला सांगतो त्या आकड्यात काय धरलंय ते विचारा. किनाऱ्यावर मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे असतात, पायात बंद रबरी बूट हवेत.

दरात सर्व्हिस चार्ज आणि कर धरले आहेत का, ते पाहा. तीनही जेवणांचं पॅकेज फक्त समुद्रावरच्या रात्रींसाठी घ्या. प्लगचा अडॅप्टर न्या, कारण नव्या हॉटेलांत तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं.

स्कूबा करणार असाल तर ते शेवटच्या दिवशी ठेवू नका. शेवटच्या बुडीनंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. हाच नियम डोंगराला लागू: नुवरा एलिया १,८०० मीटरच्या वर आहे, तेव्हा बुडी मारून थेट तिकडे गाडी काढू नका.

परतीचं गणित सगळ्यांत जास्त वेळा चुकतं. निलावेलीहून विमानतळ साडेपाच-सहा तास, पासिकुडाहून थोडं जास्तच. विमान सकाळचं असेल तर आदली रात्र निगोंबोत काढा. सात रात्रींची वाटणी मग अशी पडते: हबरणा तीन, समुद्र तीन, निगोंबो एक. चौथ्या दिवशी सकाळी पोलोन्नरुवा करून दुपारी किनाऱ्याकडे सुटा. रिसॉर्टची खोली तशीही दोनच्या आधी मिळत नाही. व्हिसाचे नियम अलीकडे वारंवार बदललेत, तेव्हा विमानाचे पैसे भरण्याआधी ईटीएच्या (प्रवासाच्या ऑनलाइन परवान्याच्या) सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशीची स्थिती वाचा. तशाच नावाची दलालांची संकेतस्थळं जादा शुल्क लावतात.