ऑइल कमी असताना टर्बो गाडी चालली? आधी हे तपासा

चोर्ला घाटात ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. ‘साखळी गावापर्यंत जाईल’ म्हणून रेटू नका. तो दिवा ऑइलच्या दाबाचा, आणि टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारतो तो ऑइलच्या पातळ थरावरच.

जुनं ऑइल पांढऱ्या टबात काढा. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उन्हात उलगडा. चमचम दिसली तर लोहचुंबक फिरवा: न चिकटणारा चंदेरी-तांबूस कीस म्हणजे बहुधा इंजिनचं बेअरिंग गेलं. मग स्टार्टर मारूच नका.

कीस नसेल तर थंड टर्बोचा इनटेक (हवा आत घेणारा) पाइप काढून शाफ्ट हलवा. आडवा किंचित हलला तर चालतं. पुढेमागे जाणवला किंवा पाती घासलेली दिसली तर टर्बो उतरवा. नंतर नवं ऑइल भरून, मेकॅनिकल गेज (दाब मोजायचं मीटर) लावून गरम इंजिनचा ऑइलचा दाब मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा.