हायस्कूलला जाणाऱ्या पोरांसाठी: टीसीपासून कापूस वेचाईपर्यंत या चुका टाळा

विदर्भात शाळेची घंटा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा थोडी उशिराच वाजते, ऊनच तसं असतं. जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो तो पेरणीच्या धावपळीत. बी-बियाणं, खतं, कर्जाचे कागद यांत बाप अडकलेला. घरात चौथी नाहीतर सातवी झालेलं पोरगं, ज्याची गावातली शाळा संपली आहे. मग एखाद्या सकाळी कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून ते मोठ्या गावातल्या हायस्कूलला जातं, नाव दाखल होतं आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम.

जिल्हा परिषद शाळेच्या लेखी ते गेलेलं असतं, हायस्कूलच्या लेखी ते अजून रजिस्टरातलं एक नाव असतं. जून ते दिवाळी ते कोणाचंच नसतं. पोरं गळतात ती मी तरी याच काळात पाहिली आहेत, परीक्षेनंतर क्वचित.

टीसी घेतात, वाचत नाहीत

टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, हातात पडली की तिची घडी होते, घडी प्लास्टिकच्या पिशवीत जाते आणि पिशवी पेटीत. ती उघडली जाते थेट दहावीचा फॉर्म भरताना. तेव्हा कळतं की आधारवर 'गणेश' आहे आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, म्हणजे पोरं आली-गेली त्याच्या नोंदवहीत, 'गनेश', किंवा जन्मतारखेत महिनाच वेगळा. पोराचं नाव शाळेच्या पटावर असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करून ही दुरुस्ती करता येते. दाखला काढून गेल्यावर तेच काम महाकठीण होतं. म्हणून एप्रिलमध्येच शाळेत जा, रजिस्टरातली नोंद डोळ्यांनी पाहा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात. जातीच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या, कारण पुढे जात पडताळणीला शाळेच्याच जुन्या नोंदी मागतात. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्या पुतण्याला सोबत न्या, त्यात कसली लाज.

टीसी आली नाही म्हणून हायस्कूलनं परत पाठवलं तर मुकाट्यानं परत येऊ नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला एवढ्यावरून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. गुरुजींसाठीही एक आठवण: युडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, पोरगं 'ड्रॉपबॉक्स'मध्ये (जुनी शाळा सोडलेल्यांच्या यादीत) पडून राहिलं तर ते ऑनलाइन कुठल्याच शाळेत नसतं. नवीन शाळेला त्याचा पेन क्रमांक (याच नोंदीतला विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) आणि जन्मतारीख कागदावर लिहून द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

शाळा बघतात, बस बघत नाहीत

निकाल चांगला, इमारत मोठी, साहेबाचा पोरगा तिथंच जातो, अशा कारणांवर शाळा ठरते. शाळा पाचला सुटते आणि गावाकडची शेवटची एसटी साडेचारला फाट्यावरून निघून जाते, हे जुलैत कळतं. पोरगा असेल तर तो ऑटोच्या मागच्या फळकुटाला लटकून येतो. पोरगी असेल तर पहिल्यांदा अंधार पडला की घरात चर्चा सुरू होते, आणि त्या चर्चेचा शेवट काय होतो ते सांगायला नको. प्रवेशाआधी एकदा तरी पोराला घेऊन त्याच वेळच्या बसनं जा आणि त्याच वेळच्या बसनं परत या.

सवलती भरपूर आहेत, पण त्या आपोआप दारात येत नाहीत. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. मुलांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. पास शाळेतच देण्याची मोहीम एसटी हल्ली राबवते, पण त्यासाठी मुख्याध्यापकांची यादी आगारात पोचावी लागते. ती गेली का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसेस आहेत, आणि आठवीपासूनच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. बसची वेळ जमत नसेल तर एकट्यानं आगारप्रमुखाकडे जाऊन काही होत नाही. ग्रामपंचायतीचं पत्र, शाळेचं पत्र आणि चार गावांतल्या पालकांच्या सह्या घेऊन जा.

सेमीचा हट्ट

हा माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा घोळ. सातवीपर्यंत गणित-विज्ञान मराठीतून शिकलेलं पोरगं आठवीत एकदम सेमीला, म्हणजे हेच विषय इंग्रजीतून शिकवणाऱ्या तुकडीत, बसवतात, कारण भाऊसाहेबांच्या पोरीनं घेतलं. पोराला लसावि काढता येतो, फळ्यावर 'एलसीएम' लिहिलेलं असलं की हात थांबतो. सरांना वाटतं, पोरगं कच्चं. घरच्यांना वाटतं, लक्ष नाही. पोरालाही हळूहळू तेच वाटू लागतं.

आधी एक तपासून पाहा. तोच प्रश्न मराठीतून विचारा. जमला, तर अडचण शब्दांची आहे: वहीचं पान मधोमध दुमडून एका बाजूला अंश, छेद, क्षेत्रफळ, प्रकाशसंश्लेषण आणि दुसऱ्या बाजूला त्यांची इंग्रजी नावं लिहायला लावा. रोज पाच शब्द, पोळ्याच्या आत गाडी रुळावर येते. मराठीतूनही जमला नाही, तर मात्र भागाकार आणि अपूर्णांक परत शिकवावे लागतील, आणि ते सेमीनंही होणार नाही, ट्यूशननंही होणार नाही. कोणीतरी जवळ बसून पाचवीचं पुस्तक पुन्हा काढावं लागेल. शाळेत मराठी तुकडी असेल तर ऑगस्टच्या आत बदलून घ्या. 'लोक काय म्हणतील' याला इथं काही किंमत नाही.

'मले' म्हटलं म्हणून हसणं

एका हायस्कूलमधला आठवीचा वर्ग. नवीन आलेली पोरगी हात वर करून म्हणाली, "सर, मले हे नाई समजलं." मागच्या बाकावरून कोणीतरी नक्कल केली. सरांनी त्या नक्कल करणाऱ्यावर ओरडण्याऐवजी पोरीलाच 'मला म्हण' एवढं सुधारून दिलं आणि उदाहरण पुढे नेलं. त्या तासाला तिनं पुन्हा हात वर केला नाही, पुढच्याही नाही.

सर वाईट नव्हते. पण ज्या पोरीनं न समजल्याचं सांगायची हिंमत केली, तिला उत्तर आधी द्यायचं असतं; प्रमाण मराठी लिहिताना शिकवता येते. मेळघाटातली कोरकू बोलणारी, झरी-केळापूर भागातली कोलामी बोलणारी, गडचिरोलीतली गोंडी-माडिया बोलणारी पोरं तर वर्गात वऱ्हाडीही दबकतच बोलतात. त्यांना गप्प बसताना पाहून 'शांत स्वभाव' असा शेरा मारू नका.

पोट दुखतं म्हणून शाळा बुडते तेव्हा

रागावण्याआधी वार बघा. दर मंगळवारी आणि शुक्रवारीच दुखत असेल तर वेळापत्रक काढा, त्या दिवशी कोणता तास आहे ते सापडेल. गावच्या शाळेत एकच गुरुजी सगळं शिकवायचे, आता सहा जण सहा गृहपाठ देतात आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं. रोज दुखत असेल तर बस, मोठी पोरं आणि शाळेतलं संडास यांबद्दल विचारा, मुलींना तर नक्कीच. सकाळपासून पाणी न पिणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत.

वेचाईचे दिवस

सोयाबीन सोंगायला आलं, मग सीतादही (वेचाईआधीची शेतातली पूजा) झाली, कापूस फुटला, की वर्गातली हजेरी ओसरते. वेचाईची मजुरी किलोवर असते. घरात एक हात वाढला की पैसा वाढतो. माय शेतात तर लहान भावाला सांभाळायला मोठी बहीण घरी. यावर पालकांना भाषण देणाऱ्यांनी आधी त्या घराचा हिशेब बघावा.

शाळेची चूक पुढची आहे. पंधरा दिवसांनी पोरगं परत येतं, तेव्हा त्याला उभं करून 'कुठं होतास' असं सगळ्यांसमोर विचारलं जातं. बुडालेल्या धड्यांबद्दल कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी ते येत नाही. त्यापेक्षा त्याच गावच्या एका पोराला सांगून ठेवा, वही रोज त्याच्या घरी जाईल. परत आल्यावर पहिले दोन दिवस त्याला फक्त लिहून काढू द्या. आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना एक फोन करा. चार वर्षं ज्यांनी शिकवलं, त्यांचा शब्द त्या घरात आजही चालतो. हा फोन करायचा कोणी, हे दोन्ही शाळांनी मार्चमध्येच ठरवून घेतलेलं बरं.

आठवीत चुकलेला एक फॉर्म

एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. पात्र ठरलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. विनाअनुदानित शाळेतल्या पोरांना ही परीक्षा देता येत नाही, हे कॉन्व्हेंटची फी भरण्याआधी माहीत असलेलं बरं. नववीपासून खिचडीही बंद आणि मोफत पुस्तकंही बंद, तेव्हा हा पैसा नेमका तिथं कामी येतो. फॉर्म कधी निघतो ते वर्गशिक्षकांना विचारत राहा, आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐनवेळी सेतू केंद्रावरची गर्दी तुम्हाला माहीतच आहे.