रक्ताचा कर्करोग आणि अस्थिमज्जा : या चुका टाळा

जत, आटपाडी, तासगावहून मिरजेला उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांच्या हातात रक्ताच्या अहवालांची जाड फाइल असते आणि घरातल्या प्रत्येकाचे लक्ष पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर खिळलेले असते. ते स्वाभाविक असले, तरी केवळ त्या आकड्यावरून रोगाचा अंदाज बांधणे ही पहिली चूक होय, कारण रक्तात दिसते ते अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गरात, घडून गेलेले असते.

रक्तपेशी निर्माण करणाऱ्या मूळपेशी अस्थिमज्जेत विशिष्ट जागी, रक्तवाहिन्यांच्या आणि आधारपेशींच्या सान्निध्यात राहतात. मूळपेशीचे गुणधर्म या परिसरावर अवलंबून असतात, ही कल्पना संशोधक रे स्कोफिल्ड यांनी १९७८ साली मांडली. आधारपेशी सीएक्ससीएल-१२ नावाचे प्रथिन स्रवतात आणि ते मूळपेशींना जागेवर धरून ठेवते. कर्करोगपेशी नुसती जागा अडवत नाहीत, तर हा परिसरच स्वतःला सोयीचा करून घेतात. कृष्णाकाठी उसाला अतोनात पाणी देऊन जमीन क्षारपड झाली की तिथे इतर पीक तग धरत नाही, तशीच निरोगी मूळपेशींची गत होते.

म्हणूनच हिमोग्लोबिन घटले की बीट, डाळिंब आणि लोहाच्या गोळ्यांचा मारा करणे चुकीचे ठरते. इथे लोहाची कमतरता असेलच असे नाही. अनेकदा निरोगी मूळपेशींचे कामच थांबलेले असते. शिवाय वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात त्या रक्तातूनच जादा लोह साठत जाते. लोह द्यायचे की नाही, हे तपासणीनंतर डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या प्रकारात इमॅटिनिब या औषधाची गोळी सुरू झाल्यावर रक्ताचे आकडे बऱ्याचदा लवकर सुधारतात आणि नेमक्या त्याच वेळी काही जण गोळी परस्पर बंद करतात. अस्थिमज्जेच्या आश्रयाला सुप्तावस्थेत असलेल्या कर्करोगाच्या मूळपेशी या औषधाने सहसा मरत नाहीत. काही निवडक रुग्णांमध्ये गोळी थांबवता येते, परंतु ती पीसीआर तपासणी (रक्तात उरलेला रोगाचा सूक्ष्म अंश मोजणारी चाचणी) दीर्घकाळ समाधानकारक राहिल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

सर्वाधिक गैरसमज अस्थिमज्जेच्या तपासणीबद्दल आहेत. पाठीतले पाणी काढणे वेगळे आणि ही तपासणी वेगळी. इथे सुई कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यात जाते, मज्जारज्जूला ती स्पर्शही करत नाही. कधी कधी सुईतून काहीच येत नाही आणि नातेवाईक डॉक्टरांच्या हाताला दोष देतात. वस्तुतः मायलोफायब्रोसिससारख्या रोगात बिघडलेल्या रक्तपेशींच्या संकेतांमुळे आधारपेशी तंतूंचे जाळे विणतात, अस्थिमज्जा घट्ट होते आणि द्रव ओढला जात नाही. हे रिकामे येणेदेखील निदानाचा महत्त्वाचा धागा असतो. अशा वेळी हाडाचा बारीक तुकडा काढून, विशेष रंग देऊन तंतू पाहावेच लागतात. पुन्हा टोचू नका, असा हट्ट केल्यास रोगाची अवस्था कळत नाही आणि उपचार अडतात.

पुण्या-मुंबईला दुसरे मत घ्यायला जाताना बहुतेक जण फक्त छापील अहवाल नेतात. काचपट्ट्या आणि हाडाचा तुकडा जपलेला मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून मागून घ्यावा. तो सोबत असला, तर बऱ्याचदा रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही.