सिम्पसन्समधला देव कसा पाहावा

मी ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन विनोदी कार्टून मालिका आधी नुसतं हसायला पाहिली आणि अर्ध्या खाचाखोचा निसटल्या. तुम्ही सुरुवात १९९२च्या ‘होमर द हेरेटिक’ या भागापासून करा. कडाक्याच्या थंडीत सिम्पसन कुटुंबातला बाप होमर चर्चला दांडी मारतो आणि स्वप्नात साक्षात देव येतो. तिथे चित्र थांबवा, बोटं मोजा. बाकी सगळ्यांना चार, देवाला पाच! मला हे तिसऱ्या खेपेला दिसलं.

मग होमरच्या घराला आग लागते तो प्रसंग सावकाश बघा. होमरला बाहेर कोण काढतं? ज्याच्या भाविकपणाची एरवी टर उडते, तोच शेजारी नेड फ्लँडर्स. आग विझवायला ज्यू विदूषक क्रस्टी आणि हिंदू दुकानदार अपूही असतात. दर वेळी स्वतःला विचारा: टोमणा श्रद्धेला आहे, की कंटाळलेल्या पाद्री लव्हजॉयला? माझ्या मते बहुतेकदा पाद्रीबुवांनाच.

‘साऊथ पार्क’ ही दुसरी कार्टून मालिका सध्या राहू द्या, ती फार तिखट. त्याऐवजी ‘द सिम्पसन्स’चाच १९९५चा, होमरचा मुलगा बार्ट पाच डॉलरला आत्मा विकतो तो भाग लावा. मग दुकानाचं आपोआप उघडणारं दार त्याच्यासाठी उघडत नाही, फ्रीजरच्या काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरत नाही. बार्टच्या शेवटच्या प्रार्थनेला मात्र मोबाइल बाजूला ठेवा.