मानसशास्त्राचे संप्रदाय कसे अभ्यासावेत: सुरुवात १९१३ पासून

मानसशास्त्राच्या इतिहासाचं प्रकरण पहिली प्रयोगशाळा उभारणाऱ्या वुंटपासून सरळ वाचत गेलं की तिसऱ्या-चौथ्या संप्रदायाशी नावं एकमेकांत मिसळतात आणि हाती उरतं ते पाठांतर. यातला जवळजवळ प्रत्येक संप्रदाय कुणाला तरी दिलेलं प्रत्युत्तर आहे. मूळ म्हणणं ठाऊक नसेल तर प्रत्युत्तर ध्यानात कसं राहणार? म्हणून वाचनाचा क्रम सालांप्रमाणे न लावता वादांप्रमाणे लावा.

सात कोरे कागद घ्या: रचनावाद, कार्यवाद, मनोविश्लेषण, वर्तनवाद, समष्टिवाद (गेस्टाल्ट), मानवतावाद आणि बोधनिक मानसशास्त्र (विचार, स्मृती यांचा अभ्यास). प्रत्येकावर चार प्रश्न लिहा. अभ्यासाचा विषय काय? पुरावा कसा मिळवतात? वाद कोणाशी? गाडी कुठे अडली? नावं आणि सालं कोपऱ्यात, बारीक अक्षरात. चौथ्या प्रश्नाखालची जागा रिकामी असेल तर ते पान झालं असं समजू नका. एका बैठकीत एकच पान भरा आणि दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा लिहा. विस्मरण सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं, हे एबिंगहाउसने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरगट पाठ करून दाखवलं होतं.

पहिलं पान वर्तनवादाचं. १९१३ मध्ये वॉटसनने मांडलं की मानसशास्त्र ही नैसर्गिक विज्ञानाची वस्तुनिष्ठ शाखा आहे. वर्तनाचं भाकीत आणि नियंत्रण हे तिचं उद्दिष्ट, आणि अंतर्निरीक्षणाला, म्हणजे स्वतःच्याच मनात डोकावून अनुभव सांगण्याला, तिच्यात स्थान नाही. एवढं लिहून थांबा आणि मागे वळा, कारण अंतर्निरीक्षणावर त्याचा एवढा राग का, हे रचनावादाच्या पानावरच कळतं.

ते कळण्यासाठी एक प्रयोग करा. समोरचा कप दोन मिनिटं न्याहाळा आणि जाणवेल ते सांगा. मात्र ‘कप’ म्हणायचं नाही. रंग, उजळपणा, कडेची वक्रता एवढंच. वस्तूचं नाव घेतलं की तो रचनावादाचा प्रवर्तक टिचनर याच्या भाषेत उद्दीपक-दोष. आता हेच दुसऱ्या कुणाला करायला सांगा. दोघांच्या वर्णनात फरक पडला तर खरं कुणाचं, हे ठरवायला तिसरा मार्ग नाही. नेमकं हेच मोठ्या प्रमाणावर घडलं: वुर्झबर्गमध्ये क्युल्पेच्या प्रयोगशाळेत प्रतिमेविना विचार आढळले, तर कॉर्नेलमध्ये टिचनरच्या निरीक्षकांना प्रतिमा सापडत राहिल्या. ‘गाडी कुठे अडली?’ याचं उत्तर इथे आहे.

याच पानावर सर्वाधिक होणारी चूक म्हणजे वुंटला सरळ रचनावादी म्हणून मोकळं होणं. लाइपझिगची प्रयोगशाळा (१८७९) त्याची. पण भाषा, मिथकं, रूढी यांसारख्या गोष्टी प्रयोगशाळेत मावत नाहीत असं त्याचं ठाम मत होतं आणि त्यांवर त्याने दहा खंड लिहिले. मनाचे घटक वेगळे काढण्याचा हट्ट मुख्यतः टिचनरचा.

कार्यवादाचं पान लवकर उरकतं. जेम्स (१८९०) आणि ड्यूई (१८९६) विचारतात की जाणीव बनली कशाची हे राहू द्या, ती उपयोगी कशी पडते? पाठीशी डार्विन. हा संप्रदाय हरला नाही, तर शिक्षण, चाचण्या आणि उपयोजित कामात विरघळला.

समष्टिवादासाठी बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि डोळे आळीपाळीने भराभर मिटा. स्थिर बोट उड्या मारताना दिसेल. वेर्टहायमरच्या १९१२ च्या प्रयोगात दोन रेषा सुमारे ६० मिलिसेकंदांच्या अंतराने दाखवल्या की एकच रेषा सरकल्यासारखी दिसे. अंतर सुमारे २०० झालं की एकीनंतर दुसरी, आणि ३० च्या आसपास दोन्ही एकदम. ही गती ना पहिल्या रेषेत आहे, ना दुसरीत. मग घटक वेचून ती सापडणार कुठे? ‘संपूर्ण हे भागांच्या बेरजेहून मोठं’ हे वाक्य पानावर नको. समष्टिवादी कॉफ्काचा आग्रह होता की ते ‘वेगळं’ असतं. पर्ल्सची गेस्टाल्ट उपचारपद्धतीही इथे घुसडू नका. ती बरीच नंतरची, आणि प्रश्नही निराळा.

आता मनोविश्लेषण. हे पान भरताना अडखळायला होतं, कारण तिसऱ्या प्रश्नाला प्रयोगशाळेतलं उत्तर नाही. फ्रॉइडचा वाद वुंटशी नव्हताच. त्याची सामग्री रुग्णांकडून आली. म्हणून कालरेषा काढताना दोन पट्ट्या आखा, वरची प्रयोगशाळेची आणि खालची दवाखान्याची. खालच्या पट्टीत सहकारी ब्रॉयरसोबतचं फ्रॉइडचं लेखन १८९५, अॅडलर दुरावला १९११ मध्ये, युंग १९१३ मध्ये. अडचण ही, की निकाल कोणताही आला तरी सिद्धान्ताला तो सामावून घेता येतो.

पुन्हा वर्तनवादाकडे या आणि पान पूर्ण करा. नंतरचा वर्तनवादी स्किनर याच्यापाशी हमखास चुकतं ते नकारात्मक प्रबलन. ती शिक्षा नव्हे: त्रासदायक गोष्ट दूर झाल्याने वर्तन वाढतं, शिक्षेने ते घटतं. पुढे टोलमन आणि हॉन्झिक यांचा १९३० चा प्रयोग लिहा. उंदरांच्या एका गटाला चक्रव्यूहात दहा दिवस काहीच बक्षीस नव्हतं. अकराव्या दिवशी अन्न ठेवलं आणि बाराव्या दिवशी चुका एकदम खाली आल्या. म्हणजे बक्षिसाविना शिकणं आधीच झालेलं होतं, दिसत मात्र नव्हतं. बोधनिक मानसशास्त्राचं पान याच्या शेजारी ठेवा. त्यावर तीन नोंदी पुरेत: मिलरचा तात्कालिक स्मृतीच्या मर्यादेवरचा लेख (१९५६), स्किनरच्या भाषाविषयक पुस्तकावरचं चॉम्स्कीचं परीक्षण (१९५९), नायसरचं पाठ्यपुस्तक (१९६७).

मानवतावाद दोघांविरुद्ध एकदम उभा राहतो, वर्तनवाद आणि मनोविश्लेषण. म्हणूनच ‘तिसरी शक्ती’. मानवतावादी मॅस्लोच्या १९४३ च्या लेखात गरजांचा तो प्रसिद्ध पिरॅमिड नाही.

पानं झाली की एक प्रसंग घ्या: वर्गात नाव पुकारताच मुलाचे हात थरथरतात. प्रत्येक संप्रदायाच्या बाजूने दोनच वाक्यं लिहा. वर्तनवादी आधीचं अभिसंधान (अनुभवातून जडलेली उद्दीपक-प्रतिक्रियेची जोडी) शोधेल, बोधनिक अभ्यासक मूल त्या क्षणाचा काय अर्थ लावतं ते विचारेल. दोन पानांवरची वाक्यं अदलाबदल करूनही चालत असतील तर त्या पानांवरचा दुसरा प्रश्न पुन्हा भरा. रचनावादाच्या पानावर थरथरण्याचं कारण मिळणार नाही, फक्त त्या क्षणीच्या संवेदनांची यादी मिळेल. ते उत्तर बरोबर आहे, खोडू नका.